आडव्या पट्ट्यातले कण

यंदा पावसाळाभर आमच्या फोंड्याच्या घरी लॅपटॉपवर प्रोटॉन आदळताहेत. खरी टक्कर जिनिव्हाजवळ सर्न या प्रयोगशाळेत होते. माझ्याकडे तिची नक्कल करणारा पायथिया ८ हा प्रोग्रॅम आहे. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात तो जन्मला, फुकट मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर छान चालतो. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी वाळपईची एक विद्यार्थिनी माझ्याकडे काम करते. पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून आम्ही रन लहान लहान तुकड्यांत चालवतो. प्रत्येक तुकड्याला वेगळा रँडम सीड, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा अंक, द्यायचा, नाहीतर त्याच टकरी पुन्हा पुन्हा मोजल्या जातात.

पहिले आलेख आले, त्यांत जेट म्हणजे कणांचे दाट झोत दिसत होते, तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, जेट सोडून इकडेतिकडे हे जे बारीक कण दिसतात, ते काढून टाकायचे ना?"

खूप जणांना तसंच वाटतं. प्रोटॉनांच्या आतले दोन क्वार्क किंवा ग्लुऑन जोरात आपटले, त्यांच्यातून समोरासमोर दोन जेट निघाले, हीच काय ती घटना, बाकीचा कचरा. मला हे मुळीच पटत नाही. त्या बारीक कणांना अंडरलाइंग इव्हेंट म्हणतात आणि ते त्याच टकरीचे, त्याच दोन प्रोटॉनांचे असतात. पाइलअप वेगळं. सर्नच्या एलएचसी या टक्करयंत्राच्या दुसऱ्या पर्वात प्रोटॉनांचे दोन झुबके एकमेकांतून गेले की सरासरी तीसहून जास्त टकरी एकाच वेळी व्हायच्या, पण त्यांचे उगमबिंदू निराळे असल्यामुळे विद्युतभारित कणांच्या रेषा मागे नेऊन त्या बऱ्याचशा वेगळ्या काढता येतात. अंडरलाइंग इव्हेंटचा उगमबिंदू जेटचाच असतो. कुठला कण कुणाचा, हे कणावर लिहिलेलं नसतं.

हे कण येतात कुठून? शिगम्यात अरुंद रस्त्यावर दोन रोमटामेळ, म्हणजे वाजतगाजत नाचत जाणारे घोळके, समोरासमोर आले आणि पुढच्या दोघांची टक्कर झाली, तरी बाकीच्यांचे खांदेही एकमेकांना घासतातच. प्रोटॉनात क्वार्क आणि ग्लुऑन मिळून अशीच गर्दी असते. त्यांना एकत्रितपणे पार्टन म्हणतात. एका जोडीची जोरदार टक्कर होते त्याच क्षणी आणखी काही जोड्या हलक्या धडकतात. हेच मल्टिपार्टन इंटरॅक्शन, आमच्या बोलण्यात एमपीआय. शिवाय फुटलेल्या प्रोटॉनांचे उरलेले भाग असतात आणि टकरीच्या आधी-नंतर फेकले गेलेले ग्लुऑनही असतात.

गणितातही हे दिसतं. दोन पार्टन आपटण्याची शक्यता, प्रोटॉनांच्या वाटेला काटकोनात असलेला आडवा संवेग, म्हणजे पीटी, कमी होईल तशी प्रचंड वाढते, साधारण पीटीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. काही जीईव्हीपर्यंत (हे ऊर्जेचं एकक, हजार जीईव्ही म्हणजे एक टीईव्ही) खाली आलं की पार्टन-टकरींचा हिशोब प्रोटॉन-टकरींच्या एकूण हिशोबाहून मोठा होतो. याचा सरळ अर्थ असा की एका प्रोटॉन-टकरीत पार्टनांच्या अनेक टकरी होतात. १९८७ साली श्योस्ट्रांड आणि व्हान झाइल यांनी या कल्पनेवर मॉडेल उभं केलं. पीटी शून्याकडे गेला की हिशोब अनंताकडे धावतो, त्याला आवर घालायला पीटी-शून्य नावाचा आकडा लागतो. त्यामागचं कारण मला फार आवडतं. क्वार्क-ग्लुऑनांवर विद्युतभारासारखा एक 'रंगभार' असतो, पण प्रोटॉन बाहेरून रंगभाररहित असतो. कमी संवेगाच्या, म्हणजे लांब तरंगलांबीच्या ग्लुऑनला आतले रंग सुटे सुटे दिसतच नाहीत, म्हणून तो धडकत नाही.

मोजायचं कसं? अमेरिकेतल्या टेव्हाट्रॉन टक्करयंत्राच्या सीडीएफ प्रयोगात रिक फील्ड यांनी साधी युक्ती रूढ केली. सगळ्यात जोरदार कण किंवा जेट ज्या दिशेला, ती शून्य अंश धरायची. ६० अंशांपर्यंतचा भाग पुढचा, १२० च्या पलीकडचा मागचा. दोन्हींत जेटचा कल्लोळ. मधले ६० ते १२० अंशांचे दोन आडवे पट्टे जेटपासून बऱ्यापैकी मोकळे, तिथले भारित कण मोजायचे.

तिने १३ टीईव्हीला हा आलेख काढला. सगळ्यात जोरदार कणाचा पीटी वाढतो तशी आडव्या पट्ट्यातली संख्या आधी झपाट्याने चढते, मग साधारण ५ जीईव्हीच्या आसपास चढ मंदावतो आणि पठार लागतं. जोरदार टक्कर बहुधा तेव्हाच होते जेव्हा दोन प्रोटॉन एकमेकांत पुरते घुसलेले असतात. एकदा ते पुरते घुसले की आणखी वाढायला फारशी जागा उरत नाही. मग मी तिला एमपीआय बंद करून तोच रन पुन्हा घ्यायला सांगितलं. पठार कोसळलं. ती बराच वेळ दोन्ही रेषांकडे बघत बसली आणि 'काढून टाकायचं' हा शब्द तिने पुन्हा काढला नाही.

ट्यूनिंगबद्दल, म्हणजे मॉडेलमधले आकडे जुळवण्याबद्दल, मात्र मी तिच्याशी कडक वागते. मोनॅश २०१३ या ट्यूनमध्ये, म्हणजे जुळवलेल्या आकड्यांच्या संचात, पीटी-शून्य ७ टीईव्हीला २.२८ जीईव्ही आहे आणि ऊर्जेबरोबर तो ०.२१५ या घातांकाने बदलतो. म्हणजे ९०० जीईव्हीला सुमारे १.४७ आणि १३ टीईव्हीला सुमारे २.६. हे आकडे मोजलेल्या डेटाशी जुळवून बसवलेले आहेत. ज्या डेटावर बसवले, त्याच्याशी आलेख जुळला तर त्यात नवल काय? खरी परीक्षा दुसऱ्या ऊर्जेला. २०१० मध्ये एलएचसीवरच्या ॲटलास प्रयोगाने ९०० जीईव्ही आणि ७ टीईव्हीला मोजमाप केलं, तेव्हा एलएचसीपूर्वीचे ट्यून आडव्या पट्ट्याच्या पठारावर निदान १० ते १५ टक्के कमी पडले. आणि २०१७ मध्ये तिथल्याच ॲलिस प्रयोगाने दाखवलं की ज्या टकरींत कण जास्त, त्यांत स्ट्रेंज नावाचा जड जातीचा क्वार्क असलेल्या कणांचं प्रमाणही वाढत जातं. पायथियाच्या नेहमीच्या मॉडेलला हे सांगता आलं नाही. नवं काहीतरी शिकवणारी जागा या 'कचऱ्या'तच निघाली, आणि ती कुठलाही आकडा फिरवून बुजत नाही. ती समजायला लुंडच्याच लोकांची वेगळी कल्पना लागते: पार्टनांना जोडणारे रंगभाराचे धागे एकत्र येऊन दोर बनतात.

गोव्यात बसून हे करता येतं का, असं लोक विचारतात. येतं. पायथिया मोकळा आहे, एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगाचा डेटा २०१४ पासून सर्नच्या ओपन डेटा पोर्टलवर टप्प्याटप्प्याने खुला होतो आहे. लागतो तो वेळ, आणि आलेखावर संशय घ्यायची सवय.

आता ती ०.२१५ चा घातांक थोडा वरखाली करून ९०० जीईव्ही आणि १३ टीईव्ही दोन्हीकडचं पठार काढते आहे. एकीकडे जुळवलं की दुसरीकडे किती सरकतं, ते आधी कागदावर अंदाजाने लिहायचं आणि मगच रन लावायचा, एवढी माझी अट आहे.