बोकडाच्या मांडीचा स्टेक, सोया सॉस आणि काकवी: सहाव्या रविवारपर्यंतची नोंद

काल सहाव्या रविवारी शेगडी पेटवली आणि पहिल्यांदाच मटण मनासारखं भाजलं गेलं. बाहेरून काळपट तांबूस आणि चकचकीत, आत गुलाबी, दाताखाली सहज तुटणारं. नेमकं काय बदललं ते ताजं आहे तोवर लिहून ठेवतो.

स्टेक म्हटलं की मुळात गोमांसाचा जाड काप. आमच्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या घरात ते येत नाही, त्यामुळे बोकडाचं मटण पहिल्या दिवसापासून ठरलेलं. चवही ठरलेली होती. कोरियन बुलगोगीत असतात तसे सोया सॉस, लसूण, आलं, तिळाचं तेल आणि नासपती, आणि वरून जपानी तेरियाकीसारखा गोडसर लेप. बुलगोगी या शब्दाचा अर्थच 'आगीवरचं मांस'. तेरियाकीतलं 'तेरी' म्हणजे चकाकी, 'याकी' म्हणजे भाजणं. चवीने कधीच त्रास दिला नाही, दिला तो मांसाने.

पहिल्या रविवारी सकाळी आठला रांगेत उभं राहून मांडीचे हाडासकट गोल काप आणले, दोन तास मुरवले, दुपारी भाजले. मसाला सुरेख लागला, पण काप जाळीवर वाटीसारखे वळले आणि चावता चावेनात. दुसऱ्या रविवारी कच्ची पपई वाटून रात्रभर लावली. वरचा थर पिठल्यासारखा झाला आणि आतला भाग होता तसाच चिवट. पपईतलं पपेन मांसात फार खोल शिरत नाही, पृष्ठभागच खाऊन टाकतं, हे तेव्हा कळलं. तिसऱ्या वेळी नासपती आणि आल्याचा रस घेतला, तो बरा. पण गुळाचा लेप सुरुवातीलाच लावल्याने मांस शिजायच्या आधी गूळ जळाला.

चौथ्या रविवारच्या आधी मी नेहमीच्या मटणवाल्या मामांना गाठलं. म्हटलं, अख्खी मांडी द्या, पण हाड काढून, आणि तुकडे करू नका.

"हाड काढून? मग चव कुठनं येणार ओ?"

मी त्यांना भाजण्याचा सगळा प्रकार सांगितला. त्यांनी सुरा खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "रविवारी गर्दीत हे व्हायचं नाही. शुक्रवारी सांजच्याला या, निवांत सोडवून देतो. आणि आणलं की लगेच भाजू नका, दोन दिस थंडीत ठेवा. ताजं मटण कढईत शिजतंय, जाळीवर नाही."

त्या एका वाक्यात माझे तीन रविवार होते. जनावर कापल्यावर काही तासांनी स्नायू आखडतात आणि ते ताठरपण उतरायला एक-दोन दिवस लागतात. आपण सकाळी आठला आणतो आणि बाराला चुलीवर चढवतो, म्हणजे नेमकं सगळ्यात कडक असताना. रश्श्यात तासभर उकळल्यावर ते लक्षात येत नाही. जाळीवर पंधरा मिनिटांत सुटका कशी होणार? आमच्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे वार, सोमवारी घरात काही शिजत नाही. म्हणजे शुक्रवारी आणायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं आणि रविवारी भाजायचं, हे वेळापत्रक वारांनीच जुळवून दिलं.

मामांनी मांडी कशी सोडवली ते मी अगदी जवळून बघितलं. सुरा त्यांनी मांसातून चालवलाच नाही. दोन स्नायूंच्या मधे एक पांढरा पातळ पडदा असतो, त्याच्यावर बोट ठेवून नुसतं टोक फिरवत गेले, आणि एकेक गोळा हातात अलगद सुटून येत गेला. चार मोठे गोळे, दीड-दोनशे ग्रॅमचे. प्रत्येकाच्या रेषा एकाच दिशेने जाणाऱ्या. पहिल्या रविवारचे गोल काप का वळले त्याचं उत्तर समोरच पडलं होतं. आडव्या कापात चारही स्नायू आणि मधले सगळे पडदे येतात, आगीवर पडदे आकसतात आणि काप ओढला जातो. हाडं आणि नळीचा भाग वेगळा बांधून घेतला. आईने त्याचं अळणी पाणी केलं, त्यामुळे मांडीचं काहीच वाया गेलं नाही.

चौथा रविवार त्यामुळे निम्मा जिंकला. मऊपणा आला, पण मी आतून फार शिजवलं, मांस कोरडं झालं. पाचव्या रविवारी पावसाने शेगडी पेटूच दिली नाही. बिडाच्या तव्यावर केलं, ठीक झालं, धुराचा वास मात्र नाही.

आता कालचं. चार गोळे मिळून साधारण ७०० ग्रॅम. वरचे पडदे धारदार सुरीने काढून टाकले, याचा आळस करू नये. मुरवणीला ३ मोठे चमचे सोया सॉस, अर्धी नासपती किसून, ६ पाकळ्या लसूण, बोटाच्या पेराएवढं आलं, १ चमचा काकवी, भरडलेली मिरी. मीठ अजिबात नाही, सोया सॉसमध्ये ते पुरेसं असतं. सोया सॉस मुरवून केलेला घ्या, ज्याच्या बाटलीवर सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी एवढंच लिहिलेलं असतं. चायनीजच्या गाडीवरचा दाट काळा सॉस नूडल्सला चालतो, इथे रंगच रंग येतो. चार तास मुरवलं. आल्यातही मांस मऊ करणारं द्रव्य असतं, म्हणून रात्रभर ठेवलं नाही.

लेप वेगळा: ४ चमचे सोया सॉस, ३ चमचे काकवी, १ चमचा व्हिनेगर, अर्धा चमचा संकेश्वरी मिरचीची पूड, मंद आचेवर दाट होईपर्यंत. जपानी लोक यात मिरिन (तांदळाची गोड दारू) आणि साखर घालतात. आपल्या ऊसपट्ट्यात काकवी असताना मला साखर घालावीशी वाटत नाही. काकवीला स्वतःचा एक मातकट, किंचित आंबूस गोडवा असतो आणि तो सोया सॉसच्या खारटपणाला घट्ट धरतो. संकेश्वरीऐवजी ब्याडगी घेतली तर रंग येईल, पण तिखट उतरतं. मला तो झणका हवा होता.

लोणारी कोळसा परसात पेटवला, पडवीतसुद्धा नाही. कोळशाचा धूर कोंडला तर जीवावर बेततं. निखाऱ्यांवर पांढरी राख चढल्यावर सगळे निखारे एका बाजूला ओढले, दुसरी बाजू मोकळी. मांस आधी मोकळ्या बाजूला, वर पातेलं पालथं घालून. थर्मामीटरची सुई गोळ्याच्या मधोमध. ५५ अंश झाल्यावर गोळे निखाऱ्यांवर आणले, वीतभर वरून हात चार सेकंदही धरवत नाही अशा धगीवर. दर अर्ध्या मिनिटाला उलटत राहिलो आणि शेवटची दोन मिनिटं फक्त ब्रशने लेप. लेप फुगून बुडबुडे आले, कडा काळ्या व्हायला लागल्या, तेव्हा ६३ अंशांवर काढलं. अख्ख्या तुकड्यासाठी ६३ अंश आणि मग निदान तीन मिनिटं विसावा, एवढं सुरक्षित धरतात. खिम्याला हे चालत नाही, तो पूर्ण शिजायलाच हवा. मी आठ मिनिटं ठेवलं.

मग रेषांना आडवं, पेन्सिलीएवढ्या जाडीचं कापलं. पाटावर गुलाबी पाणी आलं.

आई बघत होती. "रक्त दिसालंय की रे अजून."

रक्त नाही आई, म्हटलं, मांसातलाच रंग आहे, रक्त कापतानाच निघून जातं. तिने कडेचा भाजलेला तुकडा उचलला, चावला आणि "तिखट बरं लागालंय" म्हणत पानात दोन तुकडे वाढून घेतले. तिच्यासाठी एक गोळा मी ७१ अंशांपर्यंत नेला होता. तोही मऊच होता, फक्त रस कमी. दोन दिवसांच्या थंडीचं काम किती मोठं आहे ते मला त्या गोळ्यात जास्त दिसलं.

सोबत इंद्रायणीचा चिकट भात, काकडीच्या चकत्यांना मीठ लावून पिळून त्यावर व्हिनेगर आणि भाजलेले तीळ. आणि रताळी. बेळगावची रताळी निखाऱ्यांच्या कडेला राखेत पुरून ठेवली होती, मांस होईपर्यंत साल जळून आतून मधासारखी झाली. जपानमध्ये भाजलेली रताळी थंडीत रस्त्यावर विकतात, म्हणून हा मेळ बाहेरून आणलेला वाटला नाही.

राहिलंय ते तिळाचं तेल. कोरियन जेवणातलं तेल भाजलेल्या तिळाचं असतं, वासाला गडद. आपल्या घाण्यावर कच्चे तीळ घालतात, ते तेल चांगलं असूनही इथे त्याचा वास पोचत नाही. सध्या तीळ खरपूस भाजून, कुटून, घाण्याच्याच तेलात दोन दिवस ठेवतो आणि वाढताना वरून चमचाभर सोडतो. जवळपास जातं, पण पूर्ण नाही. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडे कुणी घाणेवाला आपण भाजून नेलेले तीळ गाळून देत असेल तर कळवा, दोन किलो घेऊन मी स्वतः येतो. पुढच्या शुक्रवारी मामांकडे मांडीऐवजी पाठीचा सलग तुकडा सांगून ठेवलाय.