उत्तर देताय तर कारण पण लिहा

पावसाळा लागला की आमच्या भागातल्या डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्पदंशाचे प्रश्न वाढतात. जांबोटी, कणकुंबी, लोंढा सगळीकडं जंगल अगदी लागून, भातलावणीची माणसं दिवसभर चिखलात, आणि रात्री एकटा ड्युटीवर असलेला कोणीतरी नवीन डॉक्टर विचारतो, "सर, पायाला चावलंय, साप कुणी बघितलेला नाही, थोडी सूज आहे, एएसव्ही सुरू करू काय?" एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, लहान बाटल्यांत (व्हायलमध्ये) येतं. लगेच उत्तरं येतात. मला ह्याचं फार मोल वाटतं, कारण पावसातनं पेशंटला बेळगावला पोचवेपर्यंत वेळ जातो आणि तोपर्यंत त्या नवीन डॉक्टरजवळ फोनच असतोय.

खरं "10 व्हायल द्या" एवढंच लिहून सोडू नका हो. सुरुवातीचा डोस बरोबर आहे, पण विष चढल्याची लक्षणं असतील तरच, नाहीतर कोरड्या दंशाला, म्हणजे साप चावला खरं विष सोडलं नाही अशा वेळी, उगीच रिॲक्शन ओढवून घेतल्यासारखं होतंय. त्याला लिहा की 2 एमएल रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये घे, 20 मिनिटं हलवू नको, मग तिरकी करून रक्त गोठलंय काय बघ. आणि काचेचीच का तेपण लिहा, काचेला लागूनच रक्त गोठायला सुरू होतं, प्लॅस्टिकमध्ये नॉर्मल माणसाचंपण पातळ राहू शकेल आणि तो घोणस समजून बसेल, कारण घोणसाच्या विषानं रक्त गोठत नाही. लहान मुलाला डोस कमी करायचा नाही, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. आपली एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ह्या चौघांवरच, घाटातला चापडा त्यात नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला, पापण्या जड झाल्यात, तर चावल्याची खूण नसली तरी मण्यार डोक्यात ठेवा. अशी कारणं एकदा कळली की पुढच्या केसला त्याला विचारावं लागत नाही.

डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, लाल विंचू चावलेला पेशंट घामानं भिजतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, हे त्यांनी पेशंटजवळ बसून टिपलं आणि 1982 ला लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आणलं. पुढं प्राझोसिन आलं. विषानं रक्तवाहिन्या आवळतात, फुप्फुसात पाणी भरतं, हे औषध ती आवळण सोडवतं, हे कळल्यामुळं गावोगावच्या डॉक्टरांनी ते बिनधास्त वापरलं.

आमच्याकडं टिपणंच होत नाही. प्रश्न येतो, दहा उत्तरं येतात, आणि पेशंटचं पुढं काय झालं ते कोणी लिहीतच नाही! मग कुठलं उत्तर लागू पडलं कसं कळणार? गोचिडीतनं होणाऱ्या माकडतापाचंही तेच. गोव्याकडं, दोडामार्गकडं काजूच्या कामाला जाऊन आलेल्या माणसाला ताप आला तर गोचिडीचं विचारा असं एकानं लिहिलं होतं, फार कामाचं होतं, खरं त्या पेशंटचा रिपोर्ट काय आला ते आजपर्यंत ग्रुपवर नाही.

आणि फोटो टाकताना चेहरा, केसपेपरवरचं नाव झाका. ज्यानं प्रश्न विचारला त्यानं पेशंट घरी गेल्यावर त्याच मेसेजला रिप्लाय करून दोन ओळी टाकायच्या, चांगलं झालं तरी, वाईट झालं तरी. मी ग्रुपच्या ॲडमिनना तेवढंच मागितलंय.