सी ड्राइव्ह साफ केला आणि चार महिन्यांनी भोगलं

मार्चअखेरची दुपार होती. भोसरीतल्या ज्या कारखान्याचे सर्व्हर मी सांभाळतो, तिथल्या डिस्पॅचच्या काकांचा फोन आला. "अहो, चलन छापत नाहीये. गेटवर गाडी भरून उभी आहे." प्रिंटर बघितला, केबल बघितली, मग सर्व्हर उघडला तर सी ड्राइव्ह लालभडक. ८० जीबीपैकी उरले होते ४० एमबी. छापायला पाठवलेलं प्रत्येक पान आधी सी ड्राइव्हवरच्या स्पूल फोल्डरात उतरतं. तिथेच जागा नसेल तर चलन निघणार कुठून?

विंडोज सर्व्हर २०१६. अकाउंट्सवाले रिमोटवरून त्यावरच एक्सेल उघडायचे, म्हणून ऑफिसही टाकलेलं. जागा कोण खातंय ते शोधलं, तर विंडोजच्या आतलं 'इन्स्टॉलर' नावाचं लपवलेलं फोल्डर निघालं. १९ जीबी! आत शेकडो एमएसपी फाइली, नावं म्हणजे नुसते आकडे आणि अक्षरं. (एमएसपी म्हटलं की आमच्या गावाकडे हमीभाव आठवतो. इथे तो पॅच, म्हणजे प्रोग्रॅमच्या दुरुस्तीची फाइल.) पॅच तर केव्हाच बसलाय, मग खोकं कशाला ठेवायचं? दोन वर्षांपेक्षा जुनं सगळं निवडलं आणि शिफ्ट-डिलीट. ११ जीबी मोकळे झाले, चलन निघालं, गाडी गेली. काकांनी चहा पाजला.

जुलैत त्याच मशीनवरच्या एसक्यूएल सर्व्हरचा, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा, अपडेट लावायला बसलो. भोसरीला साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून असली कामं मी बुधवारी रात्री काढतो. निम्म्यात अपडेट थांबला. अमुक नावाची कॅश केलेली फाइल 'इन्स्टॉलर' फोल्डरात सापडत नाही, असा संदेश. नाव वाचलं आणि पोटात गोळा आला.

ज्याला मी खोकं समजलो होतो ती पावती होती. एखादा प्रोग्रॅम काढायचा किंवा त्यावर नवा पॅच चढवायचा, तर विंडोज त्याची जुनी एमएसआय (मूळ इन्स्टॉलची फाइल) आणि एमएसपी फाइल त्या फोल्डरातून उघडून बघतं. ती नसली तरी रोजचं काम अडत नाही, म्हणून चार महिने काही कळलंच नाही. शेजारच्या सर्व्हरवरून फाइली उचलून आणाव्यात, तर तेही जमत नाही. तीच फाइल प्रत्येक मशीनवर वेगळ्या नावाने साठवलेली असते.

मग मूळ आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलच्या डिस्कची प्रत, शोधला, त्यानंतरचे सगळे अपडेट पुन्हा उतरवले, प्रत्येक उलगडला, रजिस्ट्रीत (विंडोजच्या नोंदवहीत) बघून कोणत्या फाइलला इथे कोणतं नाव होतं ते जुळवलं आणि एकेक फाइल त्या नावाने परत ठेवली. हे जुळवून देणारी मायक्रोसॉफ्टची स्क्रिप्ट आहे हे मला पहाटे तीनला कळलं. गुरुवारी संध्याकाळी सातला अपडेट बसला.

शेठना मी खरं ते सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. पण पॅचिंग बंद करू या असं तरी ते म्हणाले नाहीत. २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने न्हावा-शेवा बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं, तेव्हा त्यांचा कंटेनर अडकला होता. त्या व्हायरसने वापरलेल्या विंडोजच्या भोकाचा पॅच मार्चमध्येच आला होता, हे मी त्यांना अनेकदा ऐकवलंय.

आता माझी पद्धत अशी. मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे रात्री उशिरा. मी पुढच्या आठवड्यातल्या बुधवारच्या रात्रीपर्यंत थांबतो. तोवर कुठे काही फुटलं तर बोंब कानावर येते. आधी चाचणीच्या मशीनवर, मग खऱ्यावर. लावण्याआधी स्नॅपशॉट (बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून मशीनची त्या क्षणाची स्थिती) घ्यायचा आणि दोन दिवसांत तो काढायचा. विसरलेला स्नॅपशॉट हळूहळू फुगत राहतो आणि मग स्टोरेजच भरतं. तेही एकदा करून झालंय.

साफसफाई वेगळ्या रात्री. विंडोजचे घटक साठवणारं विनएसएक्सएस फोल्डर एक्सप्लोररमध्ये दिसतं तेवढं मोठं नसतं, कारण तीच फाइल हार्ड लिंकने, म्हणजे एकाच फाइलला दोन ठिकाणी नाव असल्याने, दोनदा मोजली जाते. त्यामुळे डिस्म या विंडोजच्याच साधनाला विश्लेषण करायला सांगतो आणि कंपोनंट क्लीनअप त्याच्याचकडून करून घेतो, हाताने काही काढत नाही. त्यातला 'रीसेटबेस' हा पर्याय सहसा टाळतो. तो चालवला की आधी बसलेले अपडेट काढताच येत नाहीत. अपडेट सेवा थांबवून 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन'मधलं डाउनलोड फोल्डर मात्र बिनधास्त रिकामं करतो. विंडोजला लागलं तर ते पुन्हा उतरवून घेतं.

आणि 'इन्स्टॉलर'? रजिस्ट्रीशी ताडून बघतो, नोंद नसलेल्या फाइली डी ड्राइव्हवर हलवतो. हलवतो, पुसत नाही. त्या फोल्डराचं नाव 'विचारल्याशिवाय हात लावू नये'. परवा नवीन मुलाने विचारलं, "सर, सात जीबी आहे, उडवू का?"

त्याला चहा प्यायला घेऊन गेलो.