चौथ्या सीटवरची मतं

सोमवार, जुलै

आज लोकलच्या लेडीज डब्यात घाटकोपर यायच्या आत तीन विषय निकालात निघाले. एक, पावसाळ्यात फ्लॉवर खाणाऱ्याला शाकाहारी धरायचं नाही. दोन, एसी लोकल आपल्या नेहमीच्या गाडीच्या जागी आली की वाईट, आणि आपण आत बसलेलो असलो की चांगली. तीन, जावयाला आंब्याची पेटी पाठवायचे दिवस गेले, आता त्याने पाठवावी. मतदान वगैरे काही नाही. जिचा आवाज मोठा तिचं मत पास, आणि सकाळी ठासून सांगितलेलं संध्याकाळी पाळायचं बंधन कुणावरच नाही.

डोंबिवलीवरून जाणाऱ्या आमच्या फास्ट लोकलच्या या डब्यात नावं फारशी लागत नाहीत. एक बँकवाली, एक कोर्टवाली, ठाण्याला चढून तिघींच्या बाकावर कडेला चौथ्या सीटवर टेकणाऱ्या त्या ठाण्याच्या काकू. मला ‘खिडकी’ म्हणतात, कारण मी डोंबिवलीहून उलटी कल्याणला जाऊन, तिथूनच जागा धरून बसून येते. यावरून रोज एक टोमणा ठरलेला. आज कोर्टवाली म्हणाली, “हिच्या घरच्यांना विचारा, घरात तरी खिडकीजवळून उठते का.” मी म्हटलं, घरात खिडकीपाशी नवरा बसतो, म्हणून तर इथे येते. हे खरं नाही. पण गाडीत नवऱ्याबद्दल बोलताना खरं बोलायची पद्धत नाही.

शीवच्या आधी पाऊस वाढला आणि डब्यातली प्रत्येक बाई हवामान खात्यात लागली. भरती किती वाजता, किती मीटरची, कुर्ल्याला रुळांवर पाणी किती वाजता येणार, सगळं तोंडपाठ. साडेचार मीटरच्या वरची भरती म्हटली की अर्ध्या जणींना हाफ डे टाकायची घाई होते. मग ओघानेच २६ जुलै निघाली. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा या डब्यात घरच्या फोन नंबरासारखा पाठ आहे. काकूंनी त्या रात्री दादरहून ठाण्याला कसं चालत गेलो ते पुन्हा सांगायला घेतलं. पाणी गळ्यापर्यंत आल्यावर कोर्टवालीने अडवलं, “काकू, मागच्या वर्षी कमरेपर्यंत होतं.” सगळा डबा हसला. काकू अजिबात गडबडल्या नाहीत. म्हणाल्या, “तेव्हा मी उंच होते.”

बँकवाली त्या दिवसाबद्दल कधीच काही सांगत नाही. कुणी विचारतही नाही. आजही ती डबीतली बडीशेप वाटत राहिली आणि काकूंनी गोष्ट आपणहून ठाण्याला पोचवून टाकली. थट्टा कुणाची, कुठवर करायची, हे इथे कुणी शिकवत नाही. मुलाच्या मार्कांवर विनोद नाही, वजनावर फक्त स्वतःच्या, आणि राजकारण निघालं की कुणीतरी डबा उघडून “हे घ्या, घावन” म्हणतं. घावन संपेपर्यंत पक्ष बदललेले असतात.

जुन्या मंडळींचं म्हणणं, वाटेत बोगदा होता तोवर विनोद खरे रंगायचे. २०२२ मध्ये ठाणे-दिव्याच्या नव्या मार्गिका सुरू झाल्यापासून फास्ट लोकल कळवा-मुंब्र्यावरून जातात. त्याआधी त्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. १९१६ चा बोगदा, सव्वा किलोमीटरहून लांब. गाडी आत शिरली की असा आवाज की शेजारणीचं ओरडणंही ऐकू येत नसे. सकाळी मुंब्र्याच्या बाजूने आत शिरताना गोष्टीचं शेवटचं वाक्य कुणी बोलायचं नाही. ते तसंच तोंडात धरून, एकमेकींकडे बघत, गालातल्या गालात हसत थांबायचं, आणि उजेड आला की टाकायचं. कोर्टवाली यात पटाईत होती म्हणे. आता थांबायची सवय गेली, सगळ्या मध्येच बोलतात. माझ्या मते विनोद तेच होते, ऐकणाऱ्यांना वाट बघावी लागायची एवढाच फरक. पण हे मी तिथे बोलले नाही. कोर्टवालीशी वाद घालायला फी पडत नसली तरी वेळ फार जातो.

आणि आजचा दिवस खरं तर नागपूरचा. जूनपासून एक नवीन मुलगी येते, नोकरीसाठी इकडे आलेली. आतापर्यंत दारापाशी उभी राहून नुसती हसायची. आज तिला बसायला मिळालं, तिने डबा उघडला आणि भाजीवरचा तर्रीचा लाल थर बघून चौघींनी एकदम पदर नाकाला लावला. “अगं, हे जेवण की आग?” “ऑफिसात फायर अलार्म वाजत नाही का?” काकूंनी तर पाण्याची बाटलीच पुढे केली. मला वाटलं, बिचारी आता डबा बंद करणार. मला हे जरा जास्तच वाटत होतं. अजून तिचं कुणाशी धड बोलणंही झालं नव्हतं.

तिने शांतपणे घास घेतला, चावला, गिळला. मग म्हणाली, “वरणात गूळ घालणाऱ्यांनी स्वयंपाकावर बोलू नये.”

पलीकडच्या बाकावरच्या अनोळखी बायकाही हसल्या. दारातल्या एकीने तर टाळी द्यायला हात लांब केला. बँकवाली कधी नव्हे ते मोठ्याने म्हणाली, “आमटीत, गं, आमटीत. वरणात नाही,” आणि त्यावर नागपूरने “म्हणजे घालता ना?” विचारलं तेव्हा तर संपलंच. भायखळ्यापर्यंत आमटी, गूळ, आमसूल यावर जे काही झालं त्यात कोकणातल्या दोघी एकमेकींविरुद्ध गेल्या. नागपूर मध्ये बसून शांतपणे जेवत होती.

उतरताना तिने जाहीर केलं की उद्या सांबारवडी, म्हणजे त्यांच्याकडची कोथिंबिरीची वडी, आणते, पण गूळवाल्यांना दादरनंतर उरली तर. मग ठाण्यापर्यंत संपवून टाकू, असं बाकीच्यांनी ठरवलं. काकू पर्स सावरत म्हणाल्या, “बघतेच कशी संपते. उद्या मी उलटी डोंबिवलीला येऊन चढते.”