बाबांच्या जीपचं इंजिन कुणी काढलं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि एकदाच सविस्तर सांगते. मुलुंडच्या सिग्नलला शेजारच्या गाडीची काच खाली येते आणि हाच प्रश्न येतो. हिरवा दिवा लागेपर्यंत हसण्यापलीकडे काही करता येत नाही. 'इतकी छान जुनी सीजे-थ्रीबी जीप! ओरिजिनल पेट्रोल इंजिन काढून डिझेल का टाकलंत?' पेट्रोल पंपावरची मुलं विचारत नाहीत, ती सरळ पेट्रोलचा पाइप घेऊन टाकीकडे निघतात आणि मला ओरडावं लागतं. जुन्या गाड्या घेऊन रविवारी जमणारी मंडळी विचारतात तेव्हा मात्र तो प्रश्न नसतो, आरोप असतो. एका काकांनी बॉनेट उघडून आत पाहिलं आणि माझ्यासमोर 'अरेरे' म्हणून ते पुन्हा मिटलं. जीप वडिलांची होती असं कळलं की पुढचं वाक्य ठरलेलं: वडिलांची आठवण होती, तीसुद्धा ठेवली नाहीस?

इंजिन वडिलांनीच काढायला लावलं. नको म्हणणारी मी होते.

बाबांनी ती मिलिटरी डिस्पोजलमधून आलेली जीप एका ठेकेदाराकडून घेतली तेव्हा मी शाळेत होते. ओतूरला आमची थोडी शेती. मुलुंड, कल्याण, मुरबाड, माळशेज, ओतूर, हा तिचा रस्ता. पेट्रोल लिटरला सात-आठ किलोमीटर, तेही घाट धरून नाही. एप्रिल-मे महिन्यात घाटात टाकीतून पेट्रोल ओढणारा इंजिनावरचा पंप तापायचा, नळीत वाफ धरायची आणि गाडी ठसके देत बंद पडायची. मग आई पाण्याच्या बाटलीतून फडका भिजवून द्यायची, बाबा तो पंपावर गुंडाळायचे आणि आम्ही कठड्यावर बसून करवंदं खायचो. ही आठवण आज गोड वाटते. तेव्हा सगळे वैतागलेले असायचे. 1999 मध्ये बाबा रिटायर झाले आणि दर आठवड्याला शेतावर जायचं म्हणू लागले. डिझेल तेव्हा पेट्रोलच्या निम्म्याहून कमी भावाने मिळायचं. हिशेब त्यांनी वहीच्या मागच्या पानावर केला आणि मला दाखवला. पेन्शनवर चालणाऱ्या घराचा हिशेब होता तो, त्याला मी काय उत्तर देणार? तरी मी दिलंच. म्हटलं, बाबा, या गाडीचा जीव त्या इंजिनात आहे. ते म्हणाले, 'जीव आहे, पण त्याला पाजायला पैसे कुणाकडे आहेत?'

आता ओरिजिनलवाल्यांसाठी थोडं. विलीज या अमेरिकन कंपनीने 1953 मध्ये थ्रीबी आणली तीच मुळी इंजिन बदललं म्हणून. आधीच्या थ्रीए मॉडेलचं इंजिन बुटकं होतं, त्याचे सगळे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, खाली ब्लॉकमध्ये. थ्रीबीच्या नव्या हरिकेन इंजिनाचे (आम्ही काढलं ते हेच) इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं, जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेट वर उचललं. ज्या उंच कपाळावरून तुम्ही ही जीप लांबून ओळखता, ते इंजिनबदलानेच दिलेलं आहे. महिंद्राने 1940च्या दशकाच्या अखेरीस इथे आपल्या माझगावात विलीज जीप जोडायला सुरुवात केली, आणि पुढे त्याच अंगाच्या जीपमध्ये ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंटरनॅशनल डिझेल आणि नंतर 2112 सीसीचं प्यूजो डिझेल बसवून विकलं. आम्ही टाकलं ते हेच प्यूजो. कंपनीने केलं की नवं मॉडेल, आम्ही केलं की पाप?

हे मी इतक्या वेळा म्हटलंय की पाठ झालंय. एकदा एका मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मग ज्याच्यासाठी बॉनेट उंच केलं, तेच काढलंत ना?' तिला देण्यासारखं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. आजही नाही.

इंजिन कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळालं, काम भांडुपच्या एका गॅरेजमध्ये झालं. प्यूजोची बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सला जोडणारं कवच, आणि माउंटिंग बाजारात मिळत होती, त्यामुळे फार कापाकापी नव्हती. जुने ब्रॅकेट उडवले, नवे वेल्ड केले, डिझेल सुरू करण्याआधी ते तापवणाऱ्या हीटर प्लगची वायर ओढली, बॅटरी मोठी घेतली. किल्ली फिरवली तरी इंजिन बंद होत नाही, स्टॉपरची केबल ओढावी लागते, हे बाबांना शिकवावं लागलं. आरटीओत इन्स्पेक्टरने इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, आकडे उमटले, आरसी बुकात पेट्रोलच्या जागी डिझेल आलं. एवढंच. विचारणाऱ्यांना याच भागात सगळ्यात जास्त रस असतो आणि मला सगळ्यात कमी.

मला सांगायचं आहे ते पुढचं आहे, आणि ते सिग्नलला सांगता येत नाही.

त्याच ऑगस्टमध्ये आम्ही दोघं ओतूरला निघालो. गाडी बाबा चालवत होते. माळशेजमध्ये दरड आली होती. अर्धा रस्ता मोकळा केला होता आणि पोलीस एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडत होता. आम्ही चढावर उभे, मागे कल्याण-नगर एसटी, तिच्या मागे कुठवर रांग ते धुक्यात दिसत नव्हतं. आमची पाळी आली. बाबांनी नेहमीसारखं केलं. उजवा पाय ब्रेकवर, डावा क्लच हळूहळू वर. रेस न देता. हरिकेनला तेवढं पुरायचं. त्याचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली जातो ते अंतर, 111 मिलिमीटरचा, अगदी कमी फेऱ्यांवरही ते दम धरून ओढायचं. प्यूजोचा स्ट्रोक 83. त्याला आधी रेस द्यावी लागते, मग ते हलतं. धक्का बसला आणि गाडी बंद पडली.

त्यांनी पुन्हा स्टार्टर मारला. पुन्हा तसाच क्लच सोडला, पुन्हा बंद. या जीपचा हँडब्रेक चाकांना नसतो. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, तिच्या मागे एक ड्रम असतो, तो मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टला धरतो. ऑइल सील गळत असेल तर त्या ड्रममध्ये तेल उतरतं आणि मग तो नावापुरता धरतो. आमचं गळत होतं. गाडी वीतभर मागे सरकली. एसटीने हॉर्न दाबला तो सोडेचना. मी उडी मारून मागच्या चाकाखाली दगड लावला. तेवढ्यात कंडक्टर छत्री घेऊन उतरला, बाबांच्या खिडकीशी आला आणि म्हणाला, 'आजोबा, रेस द्या, रेस!'

बाबा साठीचेही नव्हते. त्याच घाटात त्यांनी ती गाडी रात्री-अपरात्री, धुक्यात, एका हेडलाइटवर चालवली होती. त्यांना रेस द्यायची कळत नव्हती असं नाही, त्यांनी तिसऱ्यांदा दिलीही, पण क्लच जुन्याच अंदाजाने आला. चाकं गरकन फिरली, चिखल उडाला, कंडक्टरची पँट भरली. त्यांनी स्टॉपर ओढला. खाली उतरले, पावसात बॉनेटला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, 'बस तिकडे.'

मी भरपूर रेस देऊन गाडी काढली. प्यूजोला ते आवडतं.

ओतूरला पोचल्यावर बाबांनी चावडीवर सगळ्यांना सांगितलं, डिझेल झकास आहे, लिटरला बारा देतं. त्यानंतर ते त्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसले नाहीत. गुडघे दुखतात म्हणायचे. त्याच गुडघ्यांवर उकिडवे बसून ते दिवसभर कांद्याची खुरपणी करायचे.

1999 मधली मी आज समोर आली तर म्हणेल, सांगितलं होतं ना? मी तिला म्हणेन, तू गाडीच्या जिवाबद्दल बोलत होतीस, त्यांच्या पायाबद्दल एक अक्षर बोलली नाहीस, तुलाही ते सुचलं नव्हतं. ती म्हणेल, पण पेट्रोल राहिलं असतं तर ते चालवत राहिले असते. मी म्हणेन, पेट्रोल राहिलं असतं तर पुढच्या वर्षी जीपच विकली असती, वही बघ. आमचं भांडण इथेच अडकतं. बाबा गेल्यावर मला ती वही सापडली. डिझेलचा हिशेब बरोबर निघाला होता, बेरजेत चूक नव्हती.

'आम्हालाही करायचंय, मिस्त्रीचा नंबर द्या' म्हणणाऱ्यांना: देणार नाही. तो काळ वेगळा होता. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल वाचा. कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल आता चालत नाही. कलम 182-अ खाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. माझ्या गाडीकडे बोट दाखवून सुटका होणार नाही.

हरिकेन विकणार का, असंही विचारतात. नाही. ते ओतूरला फळ्यांवर आहे, प्लगच्या भोकांतून तेल सोडते आणि हँडल घालून फिरवते, जाम झालेलं नाही. परत बसवणार का? मध्यंतरी आरटीओबाहेरच्या दोन एजंटांना विचारून पाहिलं. पहिला म्हणाला, मॅडम, कंपनीचंच मूळ इंजिन परत येतंय, यात बदल कसला? दुसरा म्हणाला, आरसी बुकात डिझेल लिहिलंय, म्हणजे पेट्रोल टाकणं हाच बदल. फी मात्र दोघांनी सारखीच सांगितली.