लीन, सिक्स सिग्मा, कायझेनची सांगड घालताना सुरुवात कुठून? माझा अनुभव

आमच्या मशीन शॉपमध्ये सुधारणेचे तीन गट आपापलं काम करायचे. लीनवाले (वाया जाणारा वेळ आणि श्रम काढून टाकणारे) शॉपफ्लोअर लावून घेत, सिक्स सिग्मावाले (आकडेवारीने दोष कमी करणारे) आकडे गोळा करत, कायझेनवाले (कामगारांकडून छोट्या छोट्या सुधारणा करवून घेणारे) सूचना जमवत. तिघांचेही अहवाल छान, माल मात्र उशिराच बाहेर पडायचा. या तिघांची सांगड घालायचं काम माझ्याकडे आलं.

सुरुवातीची जागा मला व्यवस्थापनतज्ज्ञ गोल्डरॅट यांच्या थिअरी ऑफ कन्स्ट्रेंट्सने (अडथळ्यांच्या सिद्धांताने) दाखवली. सगळ्या लाइनचा वेग सर्वांत मंद टप्पा ठरवतो; बाकी कुठे वेळ वाचवला तरी माल लवकर निघत नाही. आमचा मंद टप्पा शोधावा लागलाच नाही. बोअर ग्राइंडिंगपुढे (जॉबचं, म्हणजे सुट्या भागाचं, भोक घासून मापात आणणाऱ्या मशीनपुढे) ट्रेंची थप्पी असायची आणि पुढचं इन्स्पेक्शन रिकामं बसायचं. म्हणून लीन आणि सिक्स सिग्मा, दोन्ही आधी याच मशीनवर लावायचं ठरवलं.

एका जॉबवरून दुसऱ्यासाठी मशीनचं सेटिंग बदलताना ऑपरेटरशेजारी उभा राहिलो. मशीन बंद केल्यावर तो फिक्स्चर (जॉब धरून ठेवणारा साचा) आणायला जायचा, मग पाना शोधायचा, मग गेज (माप तपासायचं साधन) मागून आणायचा. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांची एसएमईडी, म्हणजे सेटिंग झटपट बदलण्याची पद्धत नेमकी इथेच लागू पडते: मशीन थांबवूनच करायची कामं वेगळी, चालू असताना उरकता येणारी वेगळी. पुढच्या जॉबचं सगळं सामान आधीच ट्रॉलीवर यायला लागलं. ट्रॉलीची कल्पना ऑपरेटरचीच, खणही त्यानेच ठरवले. कायझेन म्हणजे माझ्या लेखी हे. सूचनांची संख्या नव्हे.

तरी रिवर्कचे (मापात न बसल्याने पुन्हा करायचे) जॉब परत येऊन याच मशीनचा वेळ खात होते. इथे सिक्स सिग्मा कामाला आलं. मोजमापाची पायरी लोक घाईत उरकतात. आम्ही आधी गेजच तपासला: तोच जॉब दोघांनी मोजायचा. रीडिंग जुळल्यावरच अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ श्यूहार्ट यांचा १९२४ पासूनचा कंट्रोल चार्ट (मापं क्रमाने मांडून ती मर्यादेत आहेत का ते दाखवणारा आलेख) लावला. त्यात स्पष्ट दिसलं की घासणारं व्हील झिजेल तसं बोअर लहान होत जातं आणि ड्रेसिंग (व्हीलला पुन्हा धार देणं) केलं की परत मापात येतं. ड्रेसिंग अंदाजाने व्हायचं, ते आता ठरलेल्या जॉबसंख्येनंतर होतं. नुसत्या डोळ्यांनी हे कळलं नसतं, आणि पाना शोधण्यातला वेळ चार्टवर उमटला नसता.

आता थप्पी हीट ट्रीटमेंटपुढे लागते. तिथे सेटिंगचा प्रश्न नाही. एकाच तापमानाला चालणारे पुरेसे जॉब जमेपर्यंत भट्टी खोळंबते. त्यामुळे सध्या लॉटचा (एका वेळी घ्यायच्या जॉबच्या गटाचा) आकार आणि प्लॅनिंगचा क्रम तपासायला घेतलाय.