पाऊस मोजायचा होता, कर्नल बाटला

मिरगाच्या आत पाऊसमापक चालू करायचाच, असं यंदा ठरवलं होतं. उभादांड्याला आमची काजूची लहानशी बाग आहे, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ मिळून साठेक झाडं. पावसाचा हिशेब म्हणजे बाबांच्या वहीतले शेरे: 'बरो लागलो', 'रातभर', 'विहीर भरली'. मला मिलीमीटर हवे होते.

यंत्र साधं आहे. नरसाळ्यातून पाणी पारड्यात पडतं, ०.२ मिलीमीटर झालं की पारडं कलतं, त्याचा चुंबक स्विचसमोरून जातो आणि आर्डुइनो नॅनो हा चिमुकला सर्किट बोर्ड एक आकडा वाढवतो. नॅनो स्वस्तातला, त्यावर सीएच३४० ही यूएसबीची चिप. पडवीतल्या जुन्या लॅपटॉपला, म्हणजे त्यावरच्या उबुंटू २२.०४ या लिनक्सला, तो जोडला की सिरियल पोर्ट, म्हणजे आकडे आत यायची वाट, क्षणभर दिसायचा आणि गायब व्हायचा. भाच्याच्या विंडोज लॅपटॉपवर तीच केबल, तोच नॅनो, काही तक्रार नाही. डीमेसेजच्या, म्हणजे लिनक्सच्या नोंदवहीच्या, शेवटच्या दोन ओळी पाहिल्या: 'डिस्कनेक्टेड', 'डिस्कनेक्टेड'. दोष ड्रायव्हरचाच, असा निकाल मी तिथेच देऊन टाकला. त्या चिपशी बोलणारा सीएच३४१ नावाचा हा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतो. त्यात आपल्या चार छापायच्या ओळी घालू, पुन्हा बांधू, म्हणजे कंपाइल करू, कुठे अडतंय ते कळेल.

आधी गिटने, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामने, कर्नलचा अख्खा इतिहास ओढायला घेतला. आमच्याकडे रेंज येते विहिरीच्या कठड्यावर. फोन तिथे ठेवून हॉटस्पॉट लावला. गिगाबाइटभर उतरलं, रेंज गेली आणि गिटने होतं नव्हतं ते टाकून दिलं. अर्धवट क्लोन त्याला पुढे चालवता येत नाही. मग ५.१५ आवृत्तीचा टारबॉल, म्हणजे सगळ्या फाइलींचं एकच गाठोडं, घेतला, सव्वाशे एमबीच्या आसपास. तो वगेट या फाइल उतरवायच्या प्रोग्रामने तुटल्या जागेपासून पुढे घेता येतो. कठड्यापाशी माझ्या फेऱ्या बघून बाबांनी विचारलं, "ह्यो कर्नल कोण?"

उबुंटूची चालू कॉन्फिग, म्हणजे कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी, उचलून आणली आणि बांधायला मेक म्हटलं. लागणारी अवजारंच नाहीत: फ्लेक्स नाही, बायसन नाही, लिबएल्फ नाही. हे रडगाणं नेहमीचंच. खरं अडलं ते सर्टिफिकेटांच्या एका .पेम फाइलवर. ती बनवायचा नियमच नाही म्हणे. असणार कुठून? ती फाइल उबुंटूच्या सोर्समध्ये असते, मूळ कर्नलमध्ये नसते, आणि कॉन्फिग मी उबुंटूची आणलेली. ट्रस्टेड कीज आणि रिव्होकेशन कीज या दोन्ही नोंदी रिकाम्या केल्या तेव्हा गाडी सुटली.

रात्री साडेअकराला लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे तोही गेला. सकाळी मेक जिथे राहिलं होतं तिथून चालू झालं खरं, पण थोड्या वेळाने बांधलेले तुकडे जोडणारा लिंकर एका फाइलवर अडला: ओळखता येत नाही. फाइल शून्य बाइटची होती, लाईट जाताना अर्धवट राहिलेली. ती पुसताना कुठे डोक्यात प्रकाश पडला, की मला हवी आहे एक तारली आणि मी समुद्र उपसतोय.

म्हणून फक्त यूएसबी सिरियलचं फोल्डर बांधलं. मॉड्यूल.सिमव्हर्स, म्हणजे कर्नलमधल्या नावांची यादी, नाही अशी कुरकुर झाली, ती फाइल चालू कर्नलच्या हेडर्सच्या पॅकेजमधून आणून ठेवली. बांधलं गेलं. ते मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये सुटा घालता येणारा तुकडा, घालायला गेलो तर 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट'. माझ्या मॉड्यूलचं व्हर्जन मॅजिक, म्हणजे आवृत्तीचा शिक्का, ५.१५.०, चालू कर्नलला हवं ५.१५.०-९१-जेनेरिक. एवढ्या शेपटासाठी कर्नल दारातून परत पाठवतो, आणि ते बरोबरच आहे, आतली रचना वेगळी निघाली तर मशीन आडवं होईल.

खरं तर टारबॉलमधली ड्रायव्हरची एकच सी फाइल पुरे होती. ती वेगळ्या फोल्डरात ठेवली, शेजारी एका ओळीची मेकफाइल, आणि चालू कर्नलच्या हेडर्सकडे बोट दाखवून बांधलं. अर्धं मिनिटही लागलं नाही. जुनं मॉड्यूल काढून इनस्मॉडने नवं घातलं तर 'अननोन सिम्बॉल'. इनस्मॉड बिचारा दिलेलं तेवढंच घालतो, कोणाला कोण लागतं हे बघत नाही. त्याला लागणारं यूएसबीसिरियल हे मॉड्यूल आधी मॉडप्रोबने घालावं लागलं. मग मॉड्यूल गेलं आत, आणि सही नाही म्हणून कर्नल 'टेंटेड' झाल्याची नोंद आली. आजीच्या भाषेत, सोवळं बाटलं.

नॅनो जोडला. माझ्या चारही ओळी छापल्या गेल्या, सगळं ठीक. आणि तरी पोर्ट गेला. या खेपेला मात्र माझ्या ओळी शोधायच्या म्हणून डीमेसेज वरपासून वाचत होतो. 'डिस्कनेक्टेड'च्या दोन ओळींच्या बरोब्बर वर तिसरी ओळ: सीएच३४१ ने धरलेल्या इंटरफेसवर 'ब्रेलटीटीवाय' स्वतःची मांडणी लावतोय. पहिल्या दिवसापासून ती तिथेच असणार. मी दोनच ओळी मागवत होतो.

ब्रेलटीटीवाय अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी आहे. एका ब्रेल वाचकयंत्रात हीच चिप असते, ओळख क्रमांक तोच, १ए८६:७५२३, म्हणून त्याच्या नियमांत तो लिहिलेला. स्वस्त नॅनोंचाही क्रमांक तोच. बाहेरून दोघांत फरक करायला काही जागाच नाही. प्रोग्राम उडवून टाका असा सल्ला सर्रास देतात, मला ते बरं वाटलं नाही. नियमांची प्रत ईटीसी या सेटिंगांच्या फोल्डरात केली, त्यातली ती एक नोंद बंद केली, मशीन पुन्हा चालू केलं. ड्रायव्हर पुन्हा उबुंटूचाच, एक अक्षरही न बदललेला.

मिरगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर ३८.४ मिलीमीटर होते. बाबा पागोळ्यांखाली ठेवलेल्या कळशीत डोकावून आले.

"अर्दी झाली," ते म्हणाले. "तुजो कर्नल काय म्हणता?"